तीन दिवस गेम बंद पडला नाही

पडदा काळा झाला. क्षणभराने उजळला तेव्हा गेम गायब होता आणि मधोमध एक चौकोनी सूचना लटकत होती: ग्राफिक्स कार्ड प्रतिसाद देत नाही. मुलाने कानांवरचे हेडफोन गळ्यात ओढले आणि मागे वळून पाहिलं.

मागे स्टुलावर दुरुस्तीवाला बसला होता. खरं तर तो आज दुरुस्तीला आलाच नव्हता. काढून ठेवलेलं जुनं कार्ड घेऊन जायला आला होता, आणि आलोच आहोत तर आपल्या हातचं काम कसं चाललंय ते डोळे भरून पाहावं म्हणून टेकला होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वाजता निवडीचा सामना होता.

मुलगा म्हणजे चांगला सत्तावीस वर्षांचा बाप्या. वर्षापूर्वी आईच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला, तेव्हा दुसऱ्या शहरातली नोकरी सोडून तो घरी आला. तेव्हापासून तिचं औषधपाणी, जेवणखाण सगळं तोच बघायचा. खेळात मात्र त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका टीमने त्याला बोलावलं होतं. निवड झाली तर घरी बसूनच काम, तेही आईच्या हाकेच्या अंतरावर. सामन्यात गेम एकदा जरी बंद पडला, तर नाव कटणार होतं. म्हणून तर त्याने हे नवं, दांडगं कार्ड बसवून घेतलं होतं.

आणि ते बसवल्या दिवसापासूनच गेम बंद पडायला लागला. रोज दोनदा, तीनदा. दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला, अख्खी दुपार त्यावर गेम चालवला. तिथे काही म्हणजे काही झालं नाही. घरी आणला की पहिले पाढे पंचावन्न. त्याने धूळ झाडली. मेमरी बदलली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. शेवटी बुधवारी संध्याकाळी त्याने कार्ड चालवणारा प्रोग्रॅम काढून त्याच्या जागी जुना टाकला, आणि चमत्कार झाला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, गेम एकदाही बंद पडला नाही. दादा, तुमच्या हातात जादू आहे, असं मुलाने फोन करून सांगितलं. ही गोष्ट दुरुस्तीवाल्याने शेजारच्या दुकानातल्या शिंप्याला दोनदा ऐकवली. शिंपी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल. त्यावर दुरुस्तीवाल्याने त्याच्याशी दिवसभर अबोला धरला होता.

आता त्याचं तोंड एवढंसं झालं. पण एक गोष्ट त्याने पाहिली होती. गेम गेला त्याच क्षणी डोक्यावरची ट्यूब लुकलुकली होती. मुलगा कानांवर हेडफोन चढवून, नाक स्क्रीनला लावून खेळायचा. त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणजे कार्ड बिचारं निर्दोष होतं. घरात काहीतरी मोठं सुरू होताना वीज क्षणभर खाली ओढली जात होती, आणि या खादाड कार्डाला तेवढाही उपास सोसत नव्हता. दुकानात तसं काही नव्हतं, म्हणून तिथे सगळं सुरळीत चाललं. एवढी साधी गोष्ट इतक्या दिवसांत सुचू नये, याचा त्याला मनापासून राग आला. तरी मधले तीन दिवस कसे निभावले, ते कोडं सुटत नव्हतंच.

या लाइनवर आणखी काय काय आहे, असं त्याने विचारलं. फ्रिज स्वयंपाकघराच्या लाइनवर होता. कपडे धुण्याचं मशीन महिनाभर बिघडून पडलं होतं.

"आईचं ऑक्सिजनचं मशीन आहे," मुलगा म्हणाला. "पण ते नसणार, दादा. ते दिवसभर चालूच असतं. जेवायला, आंघोळीला तेवढं बंद. दहा मिनिटांच्या वर बंद ठेवायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय."

बंद केलेलं ते पुन्हा सुरू करतानाच वीज ओढत असणार, हे दुरुस्तीवाल्याच्या लक्षात आलं. त्याने घड्याळ पाहिलं. त्या मशीनचा प्लग स्वयंपाकघराच्या लाइनवर लावला की झालं. लांब वायर त्याच्या पिशवीत होती. सामना आरामात गाठता येणार होता. मुलाला टॉर्च आणायला सांगून तो पलीकडच्या खोलीत गेला.

मशीन घरघरत होतं. आई पलंगाच्या कडेला बसली होती. एक हात गादीवर टेकवून दुसऱ्या हाताने तिने नळी नाकाशी दाबून धरली होती आणि ती भराभर श्वास ओढत होती. ओठ निळसर पडले होते. दुरुस्तीवाल्याला पाहताच, चोरी पकडली जावी तसा, तिचा हात मशीनच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या, काकू, राहू द्या," तो म्हणाला. "हे आत्ताच सुरू केलंत का?"

तिने होकारार्थी मान हलवली. टॉर्च घेऊन मुलगा त्याच्या पाठीमागे दारात येऊन उभा राहिला होता. तो तिला दिसला नाही.

"मी बटण दाबलं की पलीकडे त्याचा गेम जातो," ती थांबत थांबत म्हणाली. "बुधवारी लक्षात आलं माझ्या. तेव्हापासून तो खेळून उठेपर्यंत मी बंदच ठेवत होते. आज नाही जमलं हो."