पाठिंबा

सकाळी दवाखान्यातलं इन्सुलिनचं कपाट पुन्हा आपोआप बंद झालं, तेव्हा विशाखा सिस्टरांनी कपाळावर हात मारला. इथल्या सरकारनं कुणाला तुरुंगात डांबलं, की सिस्टरांच्या मायदेशाहून आलेल्या मदतीची कुलपं ती बातमी वाचून स्वतःच लागत. वर्षातली ही चौथी खेप. त्यांनी आपल्या देशाच्या वकिलातीत फोन लावला.

"कुलूप आमच्या हातात नाही हो, सिस्टर," वकिलातीतले अधिकारी खानविलकर म्हणाले. "तो पत्रकार इद्रिस सुटला, की उघडेल. आपण त्याच्या कुटुंबाच्या ठामपणे पाठीशी आहोत."

"त्याची आई माझ्यासमोर बसलीय, साहेब. इंजेक्शनसाठी बाही वर करून. तिला काय सांगू?"

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"तिचं नाव सांगा," खानविलकर म्हणाले. "निषेधाच्या पत्रकात घालतो."