चिडीचूप

"कुणीतरी कळवलंय," दारात उभी असलेली बाई म्हणाली, "की तुम्ही मुलांना शाळेत पाठवत नाही आणि तळघरात कोंडून ठेवता." तिच्या गळ्यात बालसंरक्षण खात्याचं ओळखपत्र होतं. नाव मिसेस ग्रिंडल.

लॉर्नाला हसूच आलं. कॅन्ससमध्ये वादळात आसरा घ्यायचं तळघर कुणाच्या परसात नाही? तिच्या तळघरात बटाटे होते, लोणच्याच्या बरण्या होत्या आणि एक कंदील.

"अहो बाई, मुलांना मी घरी शिकवते. तो काही गुन्हा नाही. आत्ता या घटकेला भागाकार चाललाय. या ना, डोळ्यांनी बघा."

या खात्याच्या माणसांना उंबरा ओलांडू देऊ नकोस, असं घरी शिकवणाऱ्या इतर आयांनी तिला बजावलं होतं. पण लपवायचं होतंच काय? तिनं दार सताड उघडलं.

स्वयंपाकघरात टेबलावर वह्या उघड्या होत्या. कोकोच्या दोन्ही कपांतून अजून वाफ निघत होती. खुर्च्या रिकाम्या.

लॉर्नाच्या तोंडचं पाणी पळालं.

वसंतात पहिली खोटी तक्रार झाली होती, मुलं शाळेच्या वेळात अंगणात हुंदडतात म्हणून. ती निस्तरता निस्तरता नाकीनऊ आले, आणि मग तिनंच मुलांना शिकवलं. अनोळखी गाडी आपल्या रस्त्याला वळली की मागच्या दारानं तळघरात. चिडीचूप बसायचं. मी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण माझ्या शेजारी कुणीही उभं असू शकतं. वादळाचा सराव करतात तसा दर सोमवारी सराव. कुंपणापलीकडून कुणी तो पाहत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मुलं कुठं आहेत?"

"मुलं ना? ती... आजीकडे गेलीत."

"आत्ताच म्हणालात, भागाकार चाललाय." मिसेस ग्रिंडलनं कपांकडे पाहिलं. बाई दुष्ट नव्हती, दमलेली होती. "हे बघा, मुलं समोर आली नाहीत तर मला शेरीफला बोलवावं लागेल. मग आज ती या घरात झोपणार नाहीत. माझ्या हातात काही उरणार नाही."

लॉर्ना मागच्या दाराकडे धावली. "टिल्डा! एमस! या रे बाहेर!"

परसात सामसूम.

"अरे, मीच आहे, आई! सगळं ठीक आहे! या ना रे!" शेवटी शेवटी तिचा आवाज फाटला. गवतातली तळघराची लाकडी झडप काही हलली नाही. शब्दाबाहेर न जाणारी मुलं. चर्चमध्ये सगळे त्यांचं कौतुक करायचे आणि ही मान डोलावून ऐकून घ्यायची. आज पहिल्यांदा तिला वाटलं, निदान एकानं तरी उनाडपणा करावा, हसत वर यावं.

मिसेस ग्रिंडलची नजर झडपेवर गेली.

"थांबा, मी उघडते," लॉर्ना म्हणाली. "अहो, तुम्हाला वाटतंय तसं काही नाही, देवाशप्पथ..." तिनं कडी धरली, पण ती दोनदा हातातून सुटली. शेवटी मिसेस ग्रिंडलनंच झडप ओढली.

खाली, बटाट्यांच्या पोत्यांआड, टिल्डा धाकट्याच्या तोंडावर हात दाबून बसली होती. उजेड आत शिरला. दोघांनी डोळे किलकिले केले. आई दिसताच एमसनं बहिणीचा हात झटकला. त्याचा चेहरा फुलला.

"आई, या वेळी मी अजिबात रडलो नाही!"