आतली कडी

साडेआठ वाजले तरी विमलाबाईंच्या दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच लटकत होती. समोर राहणाऱ्या रिसबुडांनी खिळ्यावरची त्यांची जादा किल्ली काढली. अडीअडचणीला असू द्या, म्हणून बाईंनीच ती देऊन ठेवली होती.

कुलूप उघडलं, पण दार उघडेना. आतून कडी होती. रिसबुडांनी दार बडवलं, हाका मारल्या.

बऱ्याच वेळाने विमलाबाईंनी दार उघडलं. “अहो, पहाटे कुठे डोळा लागला. काय झालं?”

“कडी घालून झोपता, मग ही किल्ली माझ्याकडे कशाला?” ते ओरडलेच.

“एकटीला भीती वाटते हो.”

रिसबूड तणतणत रिकाम्या घरात परतले. दार लावून सवयीने कडी घातली. आपलीही जादा किल्ली बाईंकडेच आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं.