पंधरा गुरुवार

"सर, पंधराही भेटींच्या सह्या आजच करून टाकू," शलाका म्हणाली. ऑनर्सच्या जादा क्रेडिटसाठी तिनं माझ्याकडे शिकण्याचा लेखी करार केला होता: नेच्यांचा, म्हणजे फर्नचा अभ्यास, दर गुरुवारी अकराला भेट, प्रत्येक भेटीला दोघांची सही. आमच्या कॉलेजात सगळेच या सह्या आगाऊ करतात. आम्हीही केल्या.

सहाव्या भेटीनंतर घाटात ट्रकनं तिच्या स्कूटीला उडवलं. ती जागीच गेली.

पुढच्या गुरुवारी अकराला ती नेहमीच्या स्टुलावर येऊन बसली आणि वहीत दाबलेला नेचा माझ्यापुढे धरला. चहा घेऊन आलेल्या शिपायानं टेबलावर एकच कप ठेवला.

ती दर गुरुवारी येत राहिली. बोलायची नाही. दहाव्या भेटीत मी तिच्या आकृतीतली चूक दाखवली. तेराव्या गुरुवारी तर सकाळपासून घड्याळाकडे बघत होतो.

आज पंधरावी भेट. तिनं वही मिटली आणि मुदतवाढीचा अर्ज माझ्यासमोर सरकवला. खाली तिची सही होती. 'किती भेटी' हा रकाना तेवढा कोरा होता.

मी पेनाचं टोपण काढलं.