पंख्याची जाळी

क्यूबातल्या सिएनफुएगोस शहराच्या त्या गल्लीत एवेलिओकाकांची सत्तर वर्षांची मोटार अशी चकचकीत, की तिच्यात बघून भांग पाडावा. शेजारच्या योस्बेलची गाडी मात्र दर रविवारी धुतली, की नवे ओरखडे घेऊनच वाळायची.

"काका, तुम्ही सांगितलं तशा दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची; चाकं शेवटी धुतली. तरी फडक्याला वाळू लागतेच कशी? पाणी मंतरता की काय तुम्ही?" कॉफीचे दोन पेले घेऊन योस्बेल कुंपणाशी हजर.

"गाढवा, घाई नडते तुला. आण ते पॉलिश इकडे," काका म्हणायचे. मग दोघं दुपारपर्यंत ओरखडे घासत बसायचे. बायको गेल्यापासून काकांकडे दुसरं कुणी फिरकत नव्हतं.

काकांच्या बादलीच्या तळाशी जुन्या पंख्याची जाळी असायची. वाळू तिच्याखाली बसायची, पुन्हा फडक्याला लागायची नाही. योस्बेल यायच्या आत ते ती आठवणीने काढून ठेवायचे.



योस्बेलच्या बादलीच्या मापाने कापलेली दुसरी जाळी, कडा गुळगुळीत घासून, सहा महिन्यांपासून काकांच्या पलंगाखाली पडून होती.