खाऱ्या पाण्याची रेघ

एफी ट्रिफिटने पुस्तक उघडलं नाही. दोन्ही हातांनी उभं धरलं, पानांची खालची कड जिभेला लावली आणि डोळे मिटले. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर कीथने त्याला दंडाला धरून दुकानाबाहेर काढलं असतं. पण एफी ऐंशीच्या पुढची होती, आणि ती असं करायलाच होबार्टला त्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात येत असे.

"नाही रे पोरा," ती म्हणाली. "अळणी आहे."

"वाटलंच मला. इतकं स्वच्छ म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचंच असणार. उगाच तुम्हाला बेटावरून एवढ्या लांब आणलं."

कीथची बायको ग्वेंडा चहा घेऊन आत येत होती, ती तेवढंच ऐकून खुलली. लग्न करून ॲडलेडहून इथे येऊन तिला जेमतेम वर्ष होत होतं. जुनी पुस्तकं दुरुस्त करण्यात तिची हयात गेली होती, आणि या दुकानात तिच्या हाताचं कौतुक अजून कोणी केलं नव्हतं.

"स्वच्छ कसं नसेल? मी केलंय ते," ती म्हणाली. "खोक्यातून निघालं तेव्हा सगळ्या पानांना खालून वेडीवाकडी पिवळी रेघ होती. शिवण उसवली, पान न् पान ट्रेमध्ये धुतलं, टिपकागदात वाळवलं, परत शिवलं. सांगा बरं, आलं का ओळखू?"

कीथने कपासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला.

"बाईसाहेब," तो बायकोला हळूच म्हणाला, "त्या रेघेसाठी मी सोळा वर्षं जीव टाकतोय."

ब्रूनी बेटावरच्या म्हाताऱ्या पेंगिलीने आपल्या छापखान्याच्या पुस्तकांवर आवृत्तीचा आकडा कधी छापला नाही. वाचणाऱ्याला काय करायचाय तो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्याच्या या पक्ष्यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती ओळखायची खूण एकच. पहिल्या खेपेची सगळी पुस्तकं एका होडीत भरली होती, आणि ती होडी खाडीत उलटली. खोकी वाहत किनाऱ्याला लागली. पेंगिलीने पुस्तकं वाळवली आणि डागांसकट विकली. पुढची खेप कोरडी गेली. म्हणजे समुद्राची रेघ आहे ते पहिलं, नाही ते नंतरचं. लबाड लोक चहाची रेघ काढतात, म्हणून जीभ लावायची.

होडी एफीचा बाप चालवत होता. खोकी लागली, होडीही लागली. तो लागला नाही.

हे सगळं कीथने दोन-चार वाक्यांत सांगितलं. ग्वेंडा चहा गल्ल्यावर ठेवून, अजून ट्रे धरल्यासारखे हात करून उभी राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं, आणि तिचा चेहरा कानापर्यंत तापला.

"मग आता... हे पहिलं की दुसरं?"

"रेघ चहाचीही असेल. आता कोण सांगणार?" कीथ म्हणाला.

एफी मात्र रागावली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. डोंगरावरून धुकं उतरून समोरच्या छपरांवर येऊन बसलं होतं.

"सबंध किनाऱ्यावर पुस्तकं वाळत घातली होती," ती म्हणाली. "दोरीवर, कुंपणावर, झुडपांवर. वाऱ्याने सगळी एकदम फडफडायची. मी लहान होते. मला वाटलं, बाबा त्यातल्याच एखाद्याखाली लपलेत. मी एकेक उचलून बघत होते." तिने पुस्तक गल्ल्यापाशी सरकवलं. "त्यांच्याबरोबर होडीत होतं असं एक तरी हाताला लागावं, एवढंच होतं माझं. जाऊ दे गं. तू चांगल्याच मनाने केलंस."

ती रागावली असती तर ग्वेंडाला सोसलं असतं. हे सोसवेना. ती कपबशा उचलून मागच्या खोलीत गेली, आणि गेली ती तिथेच थबकली.

पुस्तक धुतलं त्या दिवशी तिची कंबर धरली होती. पहिल्या धुण्याचं पाणी ओतून द्यायचं राहिलं होतं. निळा ट्रे अजून खिडकीत तसाच होता, आणि उन्हाने त्यातलं पाणी केव्हाच पिऊन टाकलं होतं.

तिने तो जपून बाहेर आणला आणि एफीच्या मांडीवर ठेवला. तळाशी पांढरी पुटं धरली होती, एकात एक, ओहोटीने मागे मागे जावं तशी.

एफीने बोट ओलं केलं. एका कडेला टेकवलं. जिभेवर ठेवलं.

एफीचं तोंड वाकडं झालं, मीठ लागल्यावर लहान मुलांचं होतं तसं, आणि मग ती हसली. हसता हसता रडायला लागली.

"पुस्तक बांधून देतो," कीथ खाकरत म्हणाला. "तुमचंच आहे ते."

"ते तुझं तू ठेव रे. पक्षी मला पाठ आहेत." एफीने ट्रेच्या दोन्ही कडा धरल्या. "ग्वेंडा, हा देशील?"

कीथने गाडी काढली. धक्क्यावर ग्वेंडाने ट्रेवर कागद घालून दोरी बांधायला घेतली, तर एफीने तिचा हात बाजूला केला. बोटीत ती मधल्या बाकावर बसली, ट्रे मांडीवर. बोट सुटली, खाडीच्या लाटेवर एकदा कलली. तशी एफीने दोन्ही हातांनी तो कोरडा ट्रे सावरला, काठोकाठ भरलेला सावरावा तसा.