गोठवलेल्या प्रती

रविंद्रचा हिंगोलीत फोटो स्टुडिओ होता. २००८ साली त्यानं फोटो ठेवायला नेटवर्कवरचं स्टोरेज घेतलं. ते रोज सकाळी सगळ्या फोटोंचा स्नॅपशॉट घेई, म्हणजे त्या वेळी जे जसं असेल ते तसंच गोठवून ठेवी. त्यात नंतर कुणालाच बदल करता येत नसे.

त्याची बायको सरिता गेली, त्याला वर्ष होत आलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या वर्षाच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाच्या बॅनरसाठी एका दुपारी तो तिचा स्टुलावर बसलेला फोटो शोधू लागला.

त्या फोटोच्या उन्हाळ्यातल्या गोठवलेल्या प्रतीत सरिता समोर बघत होती. पावसाळ्यातल्या प्रतीत तिची मान दाराकडं वळली होती. कालच्या प्रतीत ती स्टुलावरून अर्धी उठली होती.

"फोटोला हात काहून लावला?" त्यानं लेकीला विचारलं.

बाकावर बसलेली शीतल म्हणाली, "मी न्हाई लावला, पप्पा. आई रोज थोडी थोडी उठून राहिली. तुमाला आज दिसलं व्हय?"

रविंद्रला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. त्यानं आजची प्रत उघडली. स्टूल रिकामं होतं.

शीतलनं दाराकडं पाहिलं आणि बाकावर सरकून शेजारी जागा केली.